गच्चीवरचा विटांचा कोबा आणि पांढरी चायना मोझॅक: नऊ महिन्यांनंतर

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा (पाणी झिरपू नये म्हणून स्लॅबवर द्यायचा जाड थर) आणि त्यावर चायना मोझॅक, म्हणजे फरशीचे पांढरे तुकडे, असं काम फेब्रुवारीत झालं, आता नोव्हेंबर आहे. सोलापूरचा एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा गच्चीवरून गेला, म्हणून आता लिहायला बसले.

गच्ची 600 चौरस फूट. जुना कोबा ठोकला की पोकळ वाजायचा आणि पावसात स्वयंपाकघराच्या छताला ओल यायची. पहिला ठेकेदार म्हणाला, जुन्यावरच नवा थर देऊ. स्वस्तात होत होतं. पण 4 इंची कोब्याचं वजन चौरस फुटाला 18-19 किलो, म्हणजे आमच्या गच्चीवर जवळपास 11 टन. तेवढंच ओझं पुन्हा स्लॅबवर चढवायला मन धजेना. जुना कोबा फोडून काढला.

या कामात सगळ्यात जास्त जीव गुंतला तो पाण्यात. विटांचे तुकडे कोरडे वापरले तर ते मालातलं (सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं) पाणी ओढून घेतात आणि माल भुसभुशीत होतो. आमच्या मिस्त्रींनी पक्क्या भाजलेल्या विटा रात्रभर भिजवल्या, तुकडे उभे लावून सांध्यांत माल भरला, भिंतीच्या कडेला गोल वाटा मारला, म्हणजे कोपरा मालाने गोलसर भरून घेतला. मग कोबा पक्का व्हावा म्हणून आळी (छोटे बांध) बांधून 2 इंच पाणी साठवायचं, दहा दिवस. एका वेळचंच ते 2,800 लिटर होतं, आणि आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. मी कुरकुर केली. ते म्हणाले, "ताई, टँकरचे पैसे वाचवायचे असतील तर कामच नको." टँकर मागवला. चौथ्या दिवशी जिन्यापाशी खाली ओल उमटली. पाईपभोवती फट राहिली होती. वरची फरशी बसायच्या आधी कळलं म्हणून तिथल्या तिथे बुजवता आली.

आता उकाड्याचं. एप्रिल-मेत पारा 42 च्या पुढे गेला तरी दुपारी वरच्या खोलीत बसवत होतं; आधी छताखाली उभं राहिलं की डोकं तापायचं. पांढरे तुकडे ऊन परतवतात, हे खरं. पण जाड कोबा जी उष्णता पितो ती सावकाश खाली सोडतो, त्यामुळे रात्री दहापर्यंत पंख्याची हवा गरमच लागते. आजीच्या माळवदाच्या (मातीच्या छताच्या) घरातला गारवा यात शोधू नका. धूळ साचली की पांढरेपणाही जातो, त्यामुळे उन्हाळ्यात दर पंधरवड्याला गच्ची धुवावी लागली. ओली असताना ती फार निसरडी होते, म्हाताऱ्या माणसांना जपा.

पावसाळ्यात छत कोरडं राहिलं, सप्टेंबरच्या जोरदार सरींतसुद्धा. चूक एकच झाली. ढाळ 100 फुटांना 1 फूट असा नीट काढला होता, पण टाकीचे ओटे नंतर बांधले आणि ढाळ तिथे अडला. पाऊस थांबला तरी दोन दिवस त्या कोपऱ्यात पाणी उभं राहतं, शेवाळ धरतं. ओटे आधी बांधून घ्या, मग ढाळ काढा. मिस्त्रींना पुढच्या आठवड्यात बोलावलंय, ओट्याच्या बुडातून पाण्याला वाट करून देणार आहेत.