सत्याचा दस्तऐवज, घरबसल्या: व्हॅटिकनचे संकेतस्थळ

व्हॅटिकनच्या संकेतस्थळावरील पोपच्या परिपत्रकांचा (चर्चला उद्देशून लिहिलेल्या अधिकृत पत्रांचा) हा संग्रह विनामूल्य असून वाचण्यासाठी नोंदणीही करावी लागत नाही. मी प्रथम उघडले ते पोप पायस अकरावे यांचे १४ मार्च १९३७ चे परिपत्रक, जे प्रथेप्रमाणे लॅटिनमध्ये नव्हे, तर जर्मनमध्ये लिहिले गेले, गुप्तपणे जर्मनीत पोहोचवून छापले गेले आणि २१ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी), तेथील चर्चमधून वाचले गेले. वृत्तपत्रे आणि रेडिओ नाझी राजवटीच्या मुठीत असताना चर्चचे व्यासपीठ हेच प्रसारमाध्यम ठरले; नंतर गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) ते छापणाऱ्या छापखान्यांवर कारवाई केली. वंश किंवा राज्य यांना देवत्व देणे म्हणजे देवाने घडवलेल्या व्यवस्थेचा विपर्यास, हा त्यातील युक्तिवाद आजही धारदार वाटतो, जरी हिटलरचे नाव कोठेही न घेण्याची सावधगिरी मला खटकली.

मूळ मजकुरासोबत इंग्रजी अनुवाद असल्याने शब्दयोजना ताडून पाहता येते, ही या सेवेची खरी जमेची बाजू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (कॅथलिक बिशपांच्या जागतिक धर्मसभेचा) माध्यमांविषयीचा १९६३ चा हुकूमनामाही येथे आहे. समाजाचा माहितीचा हक्क तो मान्य करतो, पण भाषा (स्पष्टच सांगायचे तर) सरकारी खलित्यासारखी कोरडी आहे. आधी १९३७ चे परिपत्रकच वाचावे.