रोजच्या गाडीला कॉइलओव्हर: खानापूर ते उद्यमबाग, अकरा महिन्यांचा अनुभव

आमच्या गावच्या शाळेसमोर एक हंप आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला पाहिजे, म्हणजे गाडी त्याच्यावर हळूच चढते आणि हळूच उतरते. आमचा हंप उंचीला तेवढाच आहे, रुंदीला जेमतेम दोन हात. पुढची चाकं उतरली की लगेच गाडीचं पोट त्याच्यावर येतं. कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकप एकत्र असलेला, उंची बदलता येणारा सेट) कुठले घ्यायचे, स्प्रिंग किती कडक घ्यायची, गाडी किती उंचीवर ठेवायची, हे सगळं माझ्यापुरतं शेवटी त्या हंपनं ठरवलं. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

गाडी २०१६ची फोक्सवॅगन पोलो, १.२ टीएसआय. टायर १५ इंची. गेल्या फेब्रुवारीत कॉइलओव्हर बसवले तेव्हा मीटर १ लाख १२ हजारांवर होता, आज १ लाख २७ हजार झालेत. रोज खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून चार किलोमीटर तांबड्या मातीचा, उखडलेल्या डांबराचा रस्ता. मग चौपदरी हायवे, गणेबैल, मच्छे, पिरनवाडी करत बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत. तिथं आतल्या रस्त्यांवर कास्टिंगनं भरलेले टेम्पो फिरून फिरून डांबराच्या लाटा झालेल्या. आणि महिन्यातून एक-दोनदा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळीला, बहिणीकडे. एकाच गाडीला हे सगळं झेपलं पाहिजे, आणि मागच्या सीटवर मणक्यात गॅप असलेली आई बसते, हेही.

मूळ शॉकप संपले होते. हायवेला नव्वदच्या वेगात पुलाच्या सांध्यावरून गेलं की मागचा भाग दोन-तीनदा डोलायचा, आणि घाटात वळणावर गाडी एका अंगावर झोपायची. कंपनीचेच नवे शॉकप घालून मोकळं होता आलं असतं, आणि खरं सांगतो, दहापैकी सात जणांनी तेच करावं. नुसत्या बुटक्या स्प्रिंगा घालणं हा स्वस्त मार्ग आहे, पण तो मला कधीच पटला नाही. स्प्रिंग बदलली आणि शॉकप जुनाच ठेवला, तर त्या स्प्रिंगला आवरणारं कुणी राहत नाही. मला घाटात गाडी हातात राहायला हवी होती, म्हणून कॉइलओव्हर.

निवडताना लोक सगळ्यात आधी विचारतात, किती क्लिकचा आहे? म्हणजे शॉकप कडक-मऊ करणारा नॉब किती टप्प्यांत फिरतो. मी म्हणतो, हा प्रश्न शेवटी विचारा. बिलस्टाइनच्या बी-१४ला आणि केडब्ल्यूच्या व्ही-१ला डॅम्पिंगचा, म्हणजे शॉकप स्प्रिंगला किती आवरतो ते बदलायचा, नॉबच नाही, फक्त उंची बदलते, आणि तरी जगभर लोक ते रोजच्या गाडीला घालतात, कारण स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह कंपनीनं एकमेकांना जुळवून दिलेले असतात. केडब्ल्यूच्या व्ही-३मध्ये दाबाचं आणि परतीचं डॅम्पिंग वेगवेगळं लावता येतं. मधल्या किमतीच्या बहुतेक सेटमध्ये एकच नॉब असतो. मी घेतलेला सेट त्या मधल्या गटातला, २४ क्लिकचा, मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉकप.

आधी विचारायचा प्रश्न म्हणजे स्प्रिंग किती किलोची. ४ किलोची स्प्रिंग म्हणजे ४ किलो वजनाला एक मिलिमीटर दबणारी. माझ्या गाडीत पुढच्या एका स्प्रिंगवर साधारण ३०० किलो येतात. ४ किलोची स्प्रिंग त्या वजनाखाली ७५ मिलिमीटर दबून बसते, ६ किलोची फक्त ५०. हा फरक खड्ड्यात कळतो. चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा स्प्रिंगच त्याला खाली ढकलते, आणि ६ किलोवाल्या स्प्रिंगकडे ढकलायला अंतरच कमी उरतं. मग चाक लटकतं, आणि खड्ड्याच्या पलीकडची कड थेट बॉडीवर बसते. दुसरा हिशेब हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला गाडी किती वेळा वरखाली होऊ पाहते. घरच्या वापराच्या गाड्या एक ते दीडमध्ये असतात. ४ किलोनं माझी गाडी १.७च्या आसपास येते, ६ किलोनं २.१वर गेली असती. विक्रेता ६ घ्या म्हणत होता, “ट्रॅकचा फील येतो”. मी ४ मागवल्या आणि त्यासाठी पाच आठवडे थांबलो. या सगळ्या खरेदीत माझा सगळ्यात बरोबर ठरलेला निर्णय तो.

शॉकपचं वरचं टोक बॉडीला धरणाऱ्या माउंटिंगचंही तसंच. लोखंडी गोळ्याचं पिलोबॉल माउंट घेतलं तर स्टिअरिंग जास्त नेमकं होतं, पण आमच्या तांबड्या धुळीत ते लवकर खडखडायला लागतं आणि रस्त्याचा सगळा आवाज आत येतो. मी रबराचंच घेतलं. पोलोला मागे बीम ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, असल्यामुळं स्प्रिंग आणि शॉकप तिथं वेगवेगळे बसतात. त्यामुळं ‘कॉइलओव्हर’ नाव खऱ्या अर्थानं पुढच्या दोन चाकांनाच लागू आहे. मागे उंची बदलायला स्प्रिंगखाली आटे पाडलेली बैठक येते.

माल, आयात शुल्क, मजुरी, चाकांची अलाइनमेंट धरून १ लाख ३० हजार गेले. बसवायला एक दिवस.

त्या दिवशी माझं चुकलं. बसवणाऱ्या कारागिरानं मूळ उंचीपेक्षा १५ मिलिमीटर खाली घेतल्यावर हात झटकले आणि कानडीत म्हणाला, “साकरी, इन्न ब्याड.” पुरे, आणखी नको. मी ऐकलं नाही. गाडी उभी असताना चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट डोळ्यांना खुपत होती. ३५ मिलिमीटर खाली घेतली. दिसायला देखणी झाली. संध्याकाळी शाळेसमोरच्या हंपवर पोटाखालून जो आवाज आला, त्यानं शाळेच्या कट्ट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

पोट घासणं एकवेळ चाललं असतं, तिरपं घालून काढता येतं. खरा त्रास दुसराच निघाला. माझ्या सेटमध्ये उंची स्प्रिंगची बैठक खाली सरकवून कमी होते. म्हणजे गाडी जितकी खाली, तितकं शॉकपला दबायला अंतर कमी. मी कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. शॉकपच्या चकचकीत रॉडवरचं धूळ-रबर वर सरकवलं, एक बारीक झिप टाय रॉडला नीट बसेल पण सरकेल अशी बांधली आणि खाली टेकवून ठेवली. शॉकप जेवढा दाबला जाईल तेवढी ती वर सरकते आणि तिथंच थांबते. सकाळी कामावर गेलो, संध्याकाळी आलो, चाक काढून बघितलं. टाय बंप स्टॉपमध्ये, म्हणजे शॉकप पूर्ण दबताना शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरात, अर्धी घुसली होती. म्हणजे त्या एका दिवसात निदान एकदा तरी गाडी स्प्रिंग सोडून रबरावर आपटली होती, आणि तेव्हा गाडीत मी एकटाच होतो. त्याच रविवारी आई मागे बसली. नंदगडला जाऊन आलो. उतरताना दाराला धरून म्हणाली, “बाळा, आधीची गाडी बरी होती की रे.” त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढे पैसे घालून आईला दुखवणारी गाडी मी केली होती.

दुसऱ्या दिवशी उंचीची रिंग फिरवायचा सी-स्पॅनर घेऊन बसलो. पुढे मूळ उंचीपेक्षा १० मिलिमीटर खाली, मागे मूळ उंचीइतकीच. मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेनं माप बदलतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. आता झिप टाय बंप स्टॉपच्या १८ मिलिमीटर अलीकडे थांबते, आणि चार माणसं व सामान असलं की पाच-सहा. ही उंची मी परत बदललेली नाही.

नॉबबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, की नॉब मऊ केला म्हणजे खड्डे मऊ होतात. होत नाहीत. नॉब आतली एक बारीक वाट कमी-जास्त उघडतो. वळणावर कलणं, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, अशा सावकाश हालचालीत तेल त्या वाटेनं जातं, म्हणून तिथं एकेक क्लिक जाणवतो. खड्ड्यात शॉकप एकदम दाबला जातो, तेव्हा तेल मुख्य व्हॉल्व्हच्या पातळ चकत्या वाकवून जातं आणि नॉबला तिथं फारसं विचारत नाही. खड्डा मऊ करायचा तर स्प्रिंग, टायरची हवा आणि दबायला असलेलं अंतर, एवढंच हातात असतं.

उलट नॉब जास्त कडक केला तर आमच्या गावच्या रस्त्यावर काय होतं ते सांगतो. पहिल्या आठवड्यात मी पूर्ण कडकपासून फक्त ६ क्लिक मागे ठेवला होता. हायवेला गाडी रुळावरून चालल्यासारखी. गावच्या रस्त्याला लागलं की पहिले दोन-तीन खड्डे बरे जायचे आणि मग धक्के वाढत जायचे. दबलेला शॉकप परत लांब व्हायला वेळ घेत होता, आणि तो लांब व्हायच्या आतच पुढचा खड्डा येत होता. प्रत्येक खड्ड्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जायची. मग रोज एकाच रस्त्यानं, एकाच वेगानं, दोन-दोन क्लिक मागे येत गेलो. पुढे १४ आणि मागे १६ क्लिकवर ते थांबलं. मागचा नॉब चाक काढल्याशिवाय हाताला लागत नाही, त्यामुळं ‘घाटाला कडक, गावाला मऊ’ असं रोज फिरवणं माझ्याकडून तरी झालं नाही. अकरा महिन्यांत एप्रिलनंतर मी नॉबला हात लावलेला नाही, आणि लावावासाही वाटला नाही.

आता ज्यासाठी हे केलं तो चोर्ला घाट. पूर्वी वळणात स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी कलायची, मग वळायची. त्या मधल्या क्षणात समोरून खासगी बस आली की छातीत धस्स व्हायचं. आता हात फिरला की नाक फिरतं. वळण संपता संपता उलटं वळण आलं तरी मागचा भाग झोका घेत नाही. वेग मी वाढवलेला नाही, रस्ता तसा नाहीच, पण साखळीला उतरल्यावर खांदे आखडलेले नसतात. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो तेव्हा आई कणकुंबीच्या अलीकडेच झोपली, ती घाट उतरल्यावर उठली. तिनं सस्पेन्शनचं नावही काढलं नाही. मला तेवढं पुरलं.

सध्या उसाचा हंगाम चालू आहे. रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आणि रस्त्यावर पडलेली उसाची कांडी. अचानक ब्रेक मारून बाजूला काढायची वेळ आठवड्यातून एकदा तरी येतेच. मूळ सस्पेन्शनवर अशा वेळी गाडी डगमगायची. आता ब्रेक, डावीकडे, परत उजवीकडे, आणि गाडी सरळ. १ लाख ३० हजारांचा खर्च कुणाला पटवायचा असेल तर मी हेच सांगेन.

पावसाळ्याचं मात्र लिहिलंच पाहिजे. खानापूरचा पाऊस आणि ही तांबडी माती. जुलैत शॉकपच्या आट्यांमध्ये माती जाऊन विटेसारखी घट्ट बसली होती. तशाच आट्यांवरून रिंग फिरवली तर आटे जातात. नायलॉनचा ब्रश, पाणी, वाळवणं, आणि वरून मेणासारखा गंजरोधक स्प्रे. ग्रीस लावू नका, ग्रीस माती धरून ठेवतं. तारेचा ब्रशही नको, वरचा मुलामा ओरबाडला जातो. उंची धरून ठेवणारी लॉक रिंग आवळल्यावर रिंग आणि बॉडीवर पेंट मार्करनं एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की रिंग फिरली, लगेच कळतं.

ऑगस्टमध्ये पुढून ‘कट् कट्’ आवाज सुरू झाला. मला वाटलं शॉकप गेला. निघालं वेगळंच. गाडी जॅकवर, चाकं लटकत असतानाच गॅरेजमध्ये लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बोल्ट आवळले होते. त्यामुळं गाडी खाली उतरल्यावर त्याच्या सांध्यातला रबरी बुश कायमचा पिळलेला राहिला आणि सहा महिन्यांत फाटला. हे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळायचे असतात. तुम्ही बसवून घ्याल तेव्हा शेजारी उभे राहा आणि हे एक नक्की बघा.

अलाइनमेंट उंची बदलली की प्रत्येक वेळी करायचंच. मी उंची वाढवल्यावर दोन महिने टाळलं. पुढच्या डाव्या टायरची आतली कड हातानं चाचपली तर नक्षी गुळगुळीत झालेली, बाहेरची अजून टोकदार. एक टायर वाया गेला. मागे बीम असल्यामुळं तिथं लावण्यासारखं काही नसतं, पुढचं मात्र नीट लावून घ्या.

कायद्याचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलात कंपनीच्या मूळ मापापेक्षा फरक पडेल असा बदल चालत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. म्हणून टायर, चाकं मी मूळ मापाचीच ठेवलीत, उंचीही जवळपास मूळचीच, आणि विमा कंपनीला लेखी कळवलंय. अपघातानंतर हे कळवण्यात अर्थ नसतो.

जुने शॉकप आणि स्प्रिंगा तेल लावून पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. कॉइलओव्हरचे सील कधीतरी गळणार, ते पुण्याला किंवा बेंगळूरला पाठवून दुरुस्त होऊन येईपर्यंत गाडी रोज उद्यमबागेला न्यायचीच आहे, तेव्हा तेच उपयोगी पडतील.