जीटी ८६, टायरचे दोन सेट आणि आठ महिने

टोयोटाने २०१२ मध्ये जीटी ८६ ही छोटी स्पोर्ट्स कार आणली तेव्हा तिला मिशलिनचे प्रायमसी एचपी टायर दिले होते, साइज २१५/४५ आर १७. हेच टायर पेट्रोल वाचवणाऱ्या हायब्रिड प्रियसलाही असायचे आणि त्यावरून या गाडीच्या मालकांनी भरपूर टोमणे खाल्लेत. पण ती काटकसर नव्हती. बेताच्या वेगातही गाडीचं मागचं टोक हलावं, चालवणाऱ्याला खेळता यावं, म्हणून पकड मुद्दामच आवरती ठेवली होती. मी गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्यावर तेच टायर होते, गोटा व्हायच्या बेताला आलेले.

त्या जागी मी आधी मिशलिन पायलट स्पोर्ट ४ बसवले आणि तीन महिने रस्ता नि ट्रॅक दोन्ही त्यांच्यावरच काढलं. चौथ्या महिन्यात वेगळ्या रिम घेऊन त्यांवर योकोहामाचे अ‍ॅडव्हान ए०५२ चढवले, फक्त ट्रॅकसाठी. आज आठ महिने झाले. रस्त्यावर साधारण नऊ हजार किलोमीटर आणि सात ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचे दिवस.

निवड करताना सगळे आधी ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा, आकडा बघतात. मीही बघितला. ए०५२ वर २०० आहे आणि रस्त्यावरच्या चांगल्या समर टायरवर साधारण ३०० च्या पुढे असतो. आकडा लहान तेवढं रबर मऊ नि टायर लवकर संपणारा, एवढं धरून चाला, पण त्याच्या पलीकडे त्यावर फार विसंबू नका. हे रेटिंग अमेरिकेतलं आहे. तिथे ठरावीक रस्त्यावर ७,२०० मैल गाडी पळवून प्रमाण टायरशी तुलना करतात, आणि शेवटी आकडा टायर कंपनी स्वतःच देते. परीक्षा द्यायची आपण, पेपर तपासायचाही आपणच. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० एकमेकांशेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

लोड आणि स्पीडचे, म्हणजे टायर किती भार नि किती वेग झेलेल त्याचे, कोड मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर, वाय म्हणजे ३००. गाडीच्या कंपनीने सांगितलंय त्याच्या खाली उतरायचं नाही, विषय संपला. साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडेही बघून घ्या. तिथे २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय.

आता पायलट स्पोर्ट ४. रस्त्यावर या टायरबद्दल तक्रारीला जागाच नाही. प्रायमसीवरून थेट याच्यावर आलं की पहिल्याच वळणावर लक्षात येतं, स्टिअरिंग वळवणं आणि नाक वळणं यांच्यामध्ये जी एक ढिली जागा होती ती गेली. पावसात साचलेल्या पाण्यातूनही गाडी शांत जाते. आवाज थोडा वाढला, पण या गाडीत आवाजाची तक्रार करणाऱ्याने मुळात दुसरी गाडी घ्यायला हवी होती. कडक थंडीच्या सकाळी मात्र जपून. पारा सात अंशांच्या खाली गेला की समर टायरचं रबर ताठ होतं. पहिले काही किलोमीटर मागचं चाक अशा ठिकाणी सुटतं जिथे दुपारी ढिम्म हलत नाही.

बसवताना एक गंमत झाली. हा टायर असिमेट्रिक आहे, म्हणजे आतली नि बाहेरची नक्षी वेगळी, आणि साइडवॉलवर बाहेरची बाजू कुठली ते स्पष्ट लिहिलेलं असतं. तीन आठवड्यांनी गाडी धुताना पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरवर ते अक्षर दिसेचना. ते आत, सस्पेन्शनकडे तोंड करून बसलं होतं. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, टायर गोलच आहे की, चालतंय." चालत नाही. चारही टायर स्वतः फिरून बघितल्याशिवाय दुकानातून गाडी काढू नका.

ट्रॅकवरचा पहिला दिवस मात्र फजितीचा. रस्त्यासाठी भरतो तशी ३५ पीएसआय हवा भरून उतरलो. तीन लॅप झकास. चौथ्यापासून स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळच, आणि मी टायरच्या नावाने शंख करत होतो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, येऊन गेज लावला तर ४३! हवा तापते तशी फुगते. दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय, असा ढोबळ हिशोब आहे, आणि ट्रॅकवर टायरमधली हवा चाळीसेक अंशांनी सहज तापते. तुम्ही दुकानात जो दाब भरता तो ट्रॅकवर कामाचाच नसतो, खरा दाब तो गरम असतानाचा. दुपारनंतर २८-२९ वर सुरुवात केली, गरम झाल्यावर ३५-३६ ला स्थिरावली आणि तीच गाडी तोच टायर असून वळणात नाक घालू लागली. दोन मिनिटांच्या आसपासच्या लॅपमध्ये दोन सेकंद निघाले. खर्च शून्य.

तेव्हापासून सुई टोचायचा थर्मामीटर वापरतो. लाल ठिपक्यावाला इन्फ्रारेड फक्त वरची कातडी मोजतो, आणि पिटमध्ये येईपर्यंत ती निवलेली असते. टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, अशा तीन जागी सुई टोचायची. मध्यभाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त. माझ्या पुढच्या डाव्याचे आकडे आत ७६, मध्ये ८२, बाहेर ९७ असे आले. हे हवेचं दुखणं नव्हतं, कॅम्बरचं होतं, म्हणजे समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललंय त्याचं. जीटी ८६ ला पुढे कारखान्यातून जवळजवळ शून्य कॅम्बर असतो, वळणात गाडी कलली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. कॅम्बर बोल्ट टाकून उणे पावणेदोन अंश केला, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकवलं, तशी कडा खाणं थांबलं. थर्मामीटर नसेल तर खडू घ्या. कडेपासून साइडवॉलवर आडवी रेघ मारा आणि दोन लॅपनंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघा. साइडवॉलवरच्या बारीक त्रिकोणाच्या खाली पुसली गेली असेल तर टायर नको तिथपर्यंत लोळतोय.

आणखी एक. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवी, म्हणून सगळा भार डाव्या टायरांवर. डावे जास्त तापतात, तर त्यांत सुरुवातीलाच एक-दीड पीएसआय कमी ठेवायची. आणि घरी निघताना हवा परत भरायची, हे वाक्य मी स्वतःसाठी लिहितोय. तिसऱ्या ट्रॅक डेला विसरलो, टायर निवल्यावर दाब २७ वर आला आणि अर्ध्या वाटेवर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा डोळे वटारून बसला.

आता ए०५२. पहिल्यांदा तापले की काय होतं ते लिहून सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. ब्रेक दाबला की पट्टा छातीत रुततो आणि गाडी थांबते, पायलट स्पोर्टवर जिथे एबीएस थरथरायला लागायचा तिथेही काही होत नाही. तापायला वेळही फारसा लागत नाही, अर्ध्या लॅपमध्ये जागे होतात. पिटमध्ये हात लावला तर तळहाताला चिकटतात. परतताना ट्रॅकच्या कडेचे रबराचे गोळे नि खडे उचलून आणतात आणि मडगार्डच्या आत ते तडतड उडतात, कढईत मोहरी टाकल्यासारखे.

त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर, हवा दोन्हींत नीट ठेवून मोजलं. पायलट स्पोर्टपेक्षा साडेतीन सेकंद जलद. पण हे दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला. पाचव्या-सहाव्याला रबर जास्त तापून तेलकट होतं आणि निम्मा फायदा वितळून जातो. मग एक लॅप हळू काढून निववायचे, पुन्हा दोन लॅप जोरात. टाइम अटॅकसाठी, म्हणजे एकच जलद लॅप काढायची असेल तर, हे चालतं, वीस मिनिटं सलग चालवायचं असेल तर जीव मेटाकुटीला येतो.

आणि संपतात फार लवकर. चार ट्रॅक डे झालेत, खोली मोजायची पट्टी पुढे ३ मिलिमीटरच्या जरा वर दाखवते. कायद्याच्या १.६ पर्यंत अजून आहेत असं कागदावर दिसतं, पण ट्रॅकचा टायर नक्षी संपायच्या आधी उष्णतेने संपतो. प्रत्येक वेळी तापून निवला की रबर थोडं टणक होतं. शेवटच्या दिवशी आतमध्ये ती पहिल्यासारखी चिकट जाणीव नव्हती, घड्याळानेही सेकंदभर जास्त दाखवलं. पावसात तर त्यांवर रस्त्याला जायचंच नाही असं मी ठरवलंय. एकदा ट्रॅकवरून परतताना सर आली, खाचा आधीच कमी आणि झिजलेल्या, साध्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर हलकं झालं. पुढचा सगळा रस्ता ट्रकच्या मागे साठने आलो.

मला जास्त खुपलेली गोष्ट मात्र वेगळीच. ए०५२ वर मी चुकलो तरी गाडी सावरून घेते. वळणात उशिरा ब्रेक मारला, थ्रॉटल आधी दिला, काही कळत नाही, टायर सगळं पदरात घेतो. आणि जेव्हा सोडतो तेव्हा फार सांगत नाही, वेगही जास्त असतो. पायलट स्पोर्ट आधी कुरकुरतो, मग ओरडतो, मग सुटतो. कान देणाऱ्याला पुरेसा वेळ मिळतो. ए०५२ वर तीन दिवस काढून परत त्यावर आलो तेव्हा माझे ब्रेकचे पॉइंट इतके बिघडले होते की दोनदा गवतात गेलो.

ज्याच्याकडे चाकांचा एकच सेट ठेवायची सोय आहे त्याने पायलट स्पोर्टच्या वर्गातलाच टायर घ्यावा आणि उरलेले पैसे गेज, ब्रेक फ्लुइड नि अलाइनमेंटवर घालावेत. दुसरा सेट ठेवणाऱ्याने दर ट्रॅक डेनंतर डावे-उजवे, पुढचे-मागचे फिरवत राहावेत. जीटी ८६ ला चारही एकाच साइजचे असल्याने ते जमतं. पुढे अरुंद, मागे रुंद अशी गाडी असेल तर पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत, हे आधीच धरून चला. चाकं बदलल्यावर नट टॉर्क रेंचने आवळायचे आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासायचे.

ए०५२ चे अजून एक-दोन दिवस निघतील. ते संपल्यावर पुढचे दोन ट्रॅक डे मी पायलट स्पोर्टवरच लावलेत, रस्त्यावरच्या त्याच सेटवर. २८ भरून.