एअरपोर्टवरचं बॅग रॅपिंग, पैसे वसूल होतात का?

म्हणजे बॅगेला बाहेरून प्लास्टिक गुंडाळून घेणं. रेटिंग 5 पैकी साडेतीन. आखातात येणंजाणं असेल तर डोळे झाकून घ्या, अमेरिकेला निघाला असाल तर नका घेऊ, का ते पुढे लिहितेय.

आमचे हे मस्कतला नोकरीला असतात त्यामुळे माझी फेरी होतच असते, आणि येताना बॅगा गच्च, सासर माहेर दोन्हीकडचं काही ना काही असतंच, परफ्युम, बदाम-पिस्ते, चॉकलेटं, भाच्याचे बूट. मागे एकदा येताना बेल्टवरून बॅग उचलली आणि हाताला हलकी लागली. कुलूप जसंच्या तसं, चेन बंद, बाहेरून काहीच कळत नव्हतं. टॅगवर 27 किलो लिहिलेलं, तिथेच काट्यावर ठेवायला लावली तर 24. उघडली तर परफ्युम सगळे गेलेले, यांच्या भावासाठी घेतलेलं घड्याळ गेलेलं, आणि बूट काढून घेऊन रिकामा खोका मात्र झाकण लावून परत नीट आत ठेवलेला. तो खोका बघून जो संताप आला ना तो अजून जात नाही. कोणीतरी निवांत बसून हे केलंय, घाईत नाही.

चोरी तिकडे झाली की इकडे हे आजपर्यंत कळलं नाही, आणि कळतही नाही कोणाला, कारण चेक-इनला दिलेली बॅग किती हातांतून जाते ते आपल्याला दिसतच नाही. कुलूप असून बॅग उघडली कशी तर चेनमुळे. चेनच्या दातांमध्ये बॉलपेनचं टोक दाबून घुसवलं की चेन फाकते, सामान काढायचं, आणि कुलुपात अडकलेले दोन्ही रनर तसेच धरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले की चेन परत जुळते. भाच्याने माझ्याच बॅगेवर करून दाखवलं, कुलुपाला हातसुद्धा लावला नाही त्याने. म्हणजे चेनच्या बॅगेला कितीही भारी कुलूप लावा, उपयोग नाही.

म्हणून मग रॅपिंग सुरू केलं. काउंटरवर बॅग गोल फिरणाऱ्या चकतीवर ठेवतात, प्लास्टिकची फिल्म ताणून गुंडाळतात, उभी झाली की आडवी, मग चाकं आणि हँडल मोकळं करायला ब्लेडने कापतात. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. हँडलकडे कापताना लक्ष ठेवा, ब्लेड लागून बॅगेला चरे पडतात, माझ्या एका बॅगेला पडलेत. एका बॅगेला पाचशेच्या आसपास गेले माझे, हे मला जास्त वाटतं, दोन-तीन बॅगा असल्या की चांगलाच आकडा होतो, दीड गुण तिथेच कापलाय.

पण फायदा खरा आहे. रॅप फाडल्याशिवाय चेनला हात लावता येत नाही आणि फाडलेला रॅप परत जोडता येत नाही. चोर ठरवून बसला असेल तर ब्लेड मारेलच, ते थांबत नाही, पण मग बॅग बेल्टवर येताक्षणी दिसतं की उघडलीय, आणि तुम्ही बाहेर न पडता तिथल्या तिथे तक्रार करता. माझ्या मते पैसे या पुराव्याचे आहेत. रॅप झाल्यावर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, त्यात टॅग येऊ दे.

काउंटरवर जाण्याआधी पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या बाहेर काढा, चेक-इनच्या बॅगेत त्यांना बंदी आहे, स्कॅनमध्ये दिसली की बॅग उघडायला लावतात आणि रॅप गेला. असं झालं तर पावतीवर परत फुकट गुंडाळून देणार का ते आधीच विचारून घ्या.

आता अमेरिका. तिथे पहिल्या एअरपोर्टला उतरलं की कस्टमसाठी बॅगा आपण घ्यायच्या आणि पुढच्या फ्लाइटसाठी परत द्यायच्या, तिथे टीएसएवाले, म्हणजे तिथल्या एअरपोर्टवरची सरकारी सुरक्षा तपासणीवाले, तपासतात आणि गरज वाटली तर रॅप कापून बॅग उघडतात, आत एक छापील चिठ्ठी ठेवतात की आम्ही उघडली म्हणून. पुढच्या प्रवासात बॅग उघडीच. त्यांना मास्टर किल्लीने उघडता येतात अशी टीएसएची कुलपं मिळतात, लाल चौकटीची खूण असलेली, पण त्यांच्या मास्टर किल्ल्यांचा फोटो 2014 साली वर्तमानपत्रात छापला गेला आणि 2015 ला थ्रीडी प्रिंटरवर त्या बनवायच्या फाइल्सही नेटवर आल्या, त्यामुळे त्या कुलपावर माझा तरी भरवसा नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांनी चेन नसलेली, खटक्यांची हार्ड बॅग घ्यावी. जड असते हे खरं, पण पेन घुसवायला जागाच नसते.

आणि हे तर सगळ्यांना माहीत पाहिजे. सामान कमी दिसलं तर विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर म्हणजे तक्रारीचा रिपोर्ट बनवून घेतल्याशिवाय हलू नका. मला सांगत होते घरी जाऊन मेल करा, मी हलले नाही, वजन त्यात लिहून घेतलं आणि पुढे तेच कामी आलं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारत त्यात 2009 पासून आहे, बॅग हातात आल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार द्यायची आणि कोर्टात जायची मुदत 2 वर्षं. भरपाईची मर्यादा डिसेंबर 2024 पासून माणशी 1519 एसडीआर आहे, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, आपल्या पैशात दीड लाखाच्या वर, पण ती मर्यादा आहे, आपोआप मिळत नाही, बिलं लागतात. देशातल्या फ्लाइटला हीच मर्यादा फक्त 20,000 रुपये, म्हणजे तिकडे तर काही भारी ठेवूच नका.

माझ्या केसमध्ये विमान कंपनीने घड्याळाचे पैसे दिले नाहीत, मौल्यवान वस्तू चेक-इनच्या बॅगेत ठेवली तर जबाबदार नाही असं त्यांच्या अटींत असतं, सगळ्याच कंपन्यांच्या असतं. परफ्युम आणि बुटांचे दिले, बिलं होती म्हणून, आणि तेही महिनोन्‌महिने मेल करून. सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकल्यावर उत्तरं जरा पटापट यायला लागली. तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोगात जाता येतं, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, आमच्या रत्नागिरीसारख्या ठिकाणच्या माणसाला ही मोठी सोय आहे.

ट्रॅकर टाकतात काहीजण, तो बॅग कुठे आहे ते सांगतो, बॅगेतून काय गेलं ते नाही सांगत.

रात्रीच्या आखाती फ्लाइट्सच्या वेळेला रॅपिंगला मोठी रांग असते, वेळ हातात ठेवून जा, आणि रॅप झाल्यावर वजन परत बघा, 30 किलोच्या काठावर असाल तर प्लास्टिकनेही थोडं वाढतं.