मऊ ब्रश आणि बास पद्धत : काही महिन्यांच्या वापरानंतर

दातांचा मध्यम कडक ब्रश बाजूला ठेवून गेल्या पावसाळ्यापासून मी मऊ ब्रश आणि दात घासण्याची बास पद्धत वापरत आहे. चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या मध्यात ही पद्धत मांडली आणि सोलापुरातील माझ्या दंतवैद्यांनी ती आरशासमोर उभे करून मला शिकवली.

यात सारे लक्ष दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर असते. ब्रश त्या रेषेशी साधारण ४५ अंशांत तिरका धरायचा, केसांची टोके हिरडीच्या कडेला टेकवायची आणि ती जागेवरून न हलवता ब्रश अगदी थोडा पुढे-मागे थरथरवायचा. मग दाताच्या चावण्याच्या बाजूकडे झटका देऊन पुढच्या दोन-तीन दातांकडे वळायचे. मुठीत ब्रश धरला की जोर आपोआप वाढतो, म्हणून तो पेनासारखा बोटांत धरावा. केस पसरून चपटे झाले, तर दाब जास्त आहे असे समजावे.

सर्वांत अवघड जागा म्हणजे खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू. तिथे लाळग्रंथींची तोंडे जवळ असल्याने कीटण (दातांवर साचणारा थर) लवकर घट्ट होते आणि आडवा ब्रश बसतच नाही. तो उभा धरून पुढच्या टोकाने एकेक दात घासावा लागतो. हे हाताला जमेपर्यंत मला बराच काळ लागला, पण सर्वाधिक फरकही याच ठिकाणी दिसला. पूर्वी पेस्टच्या फेसात उमटणारी गुलाबी छटा पहिल्या काही आठवड्यांतच नाहीशी झाली. हिरडीतून रक्त येते म्हणून तिथे घासणे टाळणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन की, बहुतेक वेळा ते रक्त साचलेल्या थरामुळेच येत असते. मात्र नीट घासूनही ते थांबत नसेल, तर तपासणी करून घ्यावी.

मर्यादाही आहेत. आपल्याकडची शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ल्यावर दाढांच्या फटीत जे अडकते, ते नेहमीच्या कोणत्याही ब्रशने निघत नाही. त्यासाठी मी रात्री फटीत घालायचा बारीक ब्रश वापरतो. फटी मोठ्या असतील, तर फटी साफ करायच्या दोऱ्यापेक्षा (फ्लॉस) तो अधिक सोयीचा वाटतो. दगडासारखे झालेले कीटणही घरी निघत नाही, ते दवाखान्यातच काढून घ्यावे लागते. आमच्या आत्या अजून मशेरी लावतात, त्यांनाही मी ही पद्धत दाखवली. पण तंबाखूने हिरड्यांची होणारी हानी ब्रश भरून काढू शकत नाही, हे त्यांना स्पष्टच सांगितले.

पेस्ट फ्लोराइडची असावी; भारतात तिच्यातील फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) आहे. घासून झाल्यावर फेस थुंकावा, लगेच खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर काही काळ टिकते. सकाळी आणि झोपण्यापूर्वी किमान दोन मिनिटे द्यावीत. रात्रीचे घासणे तर चुकवूच नये, कारण झोपेत लाळ कमी होते. मऊ ब्रश सुमारे तीन महिन्यांनी, केस वाकडे झाले तर त्याआधीच, बदलावा लागतो. हा खर्च मला रास्त वाटतो.