बॅरल बदलायची की छर्रे?

दहा मीटरच्या एअर रायफल रेंजवर कुणाचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा घोळका, फाटायला लागला की शेजारच्या लेनवरून सल्ला येतोच : बॅरल बदल. सल्ला फुकट असतो, बॅरल नसते. म्हणून आधी रायफल शिकंज्यात पक्की आवळा, दहा फैरी झाडा आणि भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने मोजा.

हिशेब साधा आहे. छर्रा 4.5 मिमीचा, दहा गुणांचा ठिपका 0.5 मिमीचा, आणि छऱ्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 2.5 मिमीच्या आत हवा. शिकंज्यातला ग्रुप 9 मिमीचा असेल, तर त्यातून छऱ्याचे 4.5 वजा करून उरलेल्याचे निम्मे, म्हणजे 2.25 मिमी, रायफलच खाते. तुमच्या हाताला उरतो पाव मिलिमीटर. ग्रुप 6 मिमीचा असेल, तर रायफल पाऊण मिलिमीटरच घेते. मग दोष बॅरलीचा नाही, आणि दशांशातल्या गुणांत 10.5 ची सरासरी बसत नसेल तर ते सरावाचं काम आहे.

ग्रुप मोठा आला तरी पहिला संशय छऱ्यांवर घ्या. 4.49, 4.50, 4.51 मिमी अशा वेगवेगळ्या डोक्यांच्या छऱ्यांचे डबे मिळतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. चार-पाच डबे आणून प्रत्येकाचे दहा-दहा छर्रे झाडायचे, इतकंच. कंटाळवाणं काम आहे, पण पैशाच्या मानाने एवढा फायदा दुसऱ्या कशातच नाही.

दुसरा संशय क्राउनवर, म्हणजे बॅरलीच्या तोंडाच्या कडेवर. भाचीसाठी घेतलेल्या जुन्या रायफलीचा ग्रुप कायम उजवीकडे ओढलेला यायचा. मी बॅरलीची किंमतही विचारून आलो होतो. मग भिंगाखाली पाहिलं, तर कडेला नखाएवढीसुद्धा नाही अशी एक खोक दिसली. आधीच्या मालकाने स्टीलची सळई तोंडाकडून आत घातली असणार. जाणकार कारागिराने क्राउन पुन्हा कापून दिला आणि 9 मिमीचा ग्रुप 6 वर आला. साफसफाई फेल्टच्या गोळ्यांनी करावी, सळईने नाही.

नवी बॅरल कधी घ्यावी? आतल्या आट्या, म्हणजे छऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचा, गंजल्या असतील, किंवा छर्रे आणि क्राउन दोन्ही निस्तरूनही ग्रुप आवळत नसेल, तेव्हा. लोथर वाल्थरसारख्या कंपनीच्या बॅरलीला सहसा तोंडाशी चोक असतो. नळी तिथे केसभर अरुंद होते आणि सगळे छर्रे एकाच मापाने बाहेर पडतात. बिनचोकच्या बॅरलीपेक्षा ती छऱ्यांचे नखरे जास्त सोसते. लांबीच्या मोहात मात्र पडू नका. आजच्या मॅच रायफलींची खरी नळी साधारण 42 सेंमीचीच असते. पुढे दिसतो तो बराचसा पोकळ जोड, नेम धरायची पुढची साइट लांब बसावी म्हणून. आखूड नळीतून छर्रा लवकर सुटतो, त्यामुळे हाताच्या चुकीला वाव कमी मिळतो.

मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या रायफलीत तर बॅरल शेवटीच. आधी बिजागरीचा खुळखुळा, ब्रीचचं, म्हणजे छर्रा भरायच्या टोकाचं, सील आणि दस्त्याचे स्क्रू पाहा.

आणि बॅरल बदललीच, तर छऱ्यांचा जुना लाडका लॉट विसरा. चाचणी पुन्हा पहिल्या डब्यापासून करावी लागते. तेवढ्या डब्यांचे पैसे बॅरलीच्या किमतीतच धरून ठेवा.