चेनसॉचे सहा ढक्कन आणि सातवा मी

मी मुलुंडला राहतो. सोसायट्यांमधल्या झाडांच्या फांद्या छाटायची कामं घेतो, २२ वर्षं झाली. हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचून कोणीही म्हणेल की याला मशीन, म्हणजे चेनसॉ, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, कळत नसणार. कळतं. कळत असूनही ढक्कनांपायी १२,१५० रुपये दिले. वर किती गेले ते येईलच.

मे महिना म्हणजे आमचा सीझन. पावसाआधी सगळ्यांनाच फांद्या उतरवून हव्या असतात, महापालिकेची परवानगी हातात पडली की सेक्रेटरी दिवसाला चार फोन करतात. नेमकी तेव्हाच माझी तिन्ही मशिनं गळायला लागली. प्रत्येक मशीनला दोन टाक्या, एक पेट्रोलची, एक चेनला लागणाऱ्या ऑइलची. एकाचा पेट्रोलचा ढक्कन गळत होता, दोघांचे ऑइलचे. आता ढक्कन का गळतो ते या धंद्यातल्या माणसाला काय सांगायचं? आतली रबराची रिंग कडक झालेली असते किंवा फुगलेली, बसायच्या जागेवर ऑइलमध्ये कालवलेला भुसा असतो, नाहीतर पोराने घाईत वाकडा फिरवलेला असतो. खटक्याच्या ढक्कनाचा खालचा भाग कधीकधी वरच्यापासून सरकतो. मग वरून बंद दिसतो, पण आत धरलेला नसतो. खालचा भाग फिरवून टक असा आवाज येईपर्यंत जागेवर आणायचा. झालं. मी हे दहा वेळा केलंय. त्या आठवड्यात केलं नाही, कारण वेळ नव्हता आणि कारण डोक्यात ई-२० बसलं होतं.

ज्याला त्याला तेच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, रबर खातंय, पाइप खातंय. काही रबरं त्याने फुगतात हे खरंच आहे. पण त्या खऱ्यावरच एक माणूस धंदा करत होता. मोबाइलवर जाहिरात आली: चेनसॉचे ओरिजिनल ढक्कन, ई-२० प्रूफ, बसवून मिळतील. पत्ता नागदेवी स्ट्रीटच्या आसपासचा. नागदेवी म्हटल्यावर मी निर्धास्त. आख्खी मुंबई हत्यारं आणि पार्ट तिथून घेते, मीही पहिलं मशीन तिथूनच घेतलेलं.

तिन्ही मशिनं गोणीत घातली आणि आमच्याकडच्या पोराला घेऊन लगेजच्या डब्यातून मस्जिद स्टेशनला उतरलो. लोकलमध्ये पेट्रोल नेता येत नाही, म्हणून निघायच्या आधी सगळ्या टाक्या मी स्वतः रिकाम्या केल्या होत्या. चेन ऑइलच्यासुद्धा, गोणी चिकट नको म्हणून. हे लक्षात ठेवा.

दुकान म्हणजे एक काउंटर आणि मागे पडदा. माणूस तिशीतला, बोलायला गोड. “काका, टेन्शन घेऊ नका. नुसते ढक्कन बदलून उपयोग नाही, टाकीचं तोंडच खराब झालंय.” सहा ढक्कन, ६५० प्रमाणे ३,९००. टाकीच्या तोंडाचं ‘सील किट’, १,८५० प्रमाणे तिघांचे ५,५५०. प्रेशर टेस्ट ९०० प्रमाणे २,७००. आणि मशिनं दोन दिवस ठेवावी लागतील.

दोन दिवस! प्रेशर टेस्ट म्हणजे हातपंपाने हवा भरायची आणि काटा पडतो का ते बघायचं. दहा मिनिटांचं काम. मला हे माहीत होतं. पण समोर होलोग्राम लावलेली पाकिटं होती, आणि त्याने पाना हातात ज्या तऱ्हेने धरला त्यावरून मला वाटलं की हा कामाचा आहे. माणूस थकलेला असला की विश्वास ठेवणं सोपं जातं, दुसरं काय.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, “पक्कं हवं तर १८ टक्के वर पडतील.” १२,१५० वर १८ टक्के म्हणजे २,१८७ रुपये. ते मी वाचवले. बिनशिक्क्याच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा घेतला आणि क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. “वहिनींचं खातं आहे,” म्हणाला. मी पिन टाकला. क्यूआरवर दुकानाचं नाव नसेल तर तिथेच हात मागे घ्या. वहिनी असो की मावशी.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री उठून बसतो. दोन दिवसांनी घ्यायला गेलो. त्याने एक मशीन उचललं, उलटं केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तब्बल दोन मिनिटं तसंच धरून ठेवलं. खाली पांढरा कागद अंथरलेला. एक थेंब नाही. मग दुसरं, मग तिसरं. शेवटी तो कागद मला दाखवला, कोरा. आणि मी खूश झालो. मी “वा” म्हणालो. वा! टाकी रिकामी होती हो! मीच रिकामी केली होती. आल्या आल्या मीच त्याला सांगितलं होतं, बाबा रे, लोकलने आलोय, टाक्या कोरड्या आहेत. त्याने माझंच वाक्य मला विकलं. शेजारी उभ्या पोराने हळूच विचारलं, “मामा, पेट्रोल टाकून बघूया का?” मी त्याच्यावर डाफरलो, की बाजारात पेट्रोल घेऊन फिरतात का. १९ वर्षांच्या पोराला जे सुचलं ते मला सुचलं नाही. सुचलं नाही की चारचौघांत सुचवून घ्यायचं नव्हतं, ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका सोसायटीत गुलमोहर. तेच पोरगं दोराला लटकून वर, मशीन तिरकं, आणि वरून ओरडला. मांडीवर गार काहीतरी ओघळतंय. पेट्रोल. इंचांवर तापलेला सायलेन्सर. त्याने त्याच क्षणी मशीन बंद केलं म्हणून मी आज हे नुसतं चिडून लिहू शकतोय. दुसऱ्या मशीनचं ऑइल खाली उभ्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर. पॉलिशचे २,५०० मीच भरले. दोन दिवस काम बंद, मजुरी तर द्यावीच लागते, ते ७,०००.

घरी येऊन नव्या ढक्कनाची रिंग काढली आणि जुन्या रिंगेसोबत एका बरणीत पेट्रोलमध्ये टाकली. सकाळी जुनी होती तशी होती. नवी एवढी फुगली की खाचेत जाईना. हा आहे ई-२० प्रूफ माल. ढक्कन गमावू नये म्हणून आत जी दोरी असते, ती सहांपैकी एकालाही नव्हती. आणि ‘सील किट’? टाकीच्या तोंडाला फासलेलं राखाडी सिलिकॉन. पेट्रोलमध्ये ते सुटून त्याच्या लडी फिल्टरला गुंडाळल्या होत्या. पेट्रोलच्या ढक्कनाला कोणी सिलिकॉन लावत असेल तर मशीन उचला आणि निघा.

खरा धक्का पुढे. भांडुपला एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे दोन मशिनं घेऊन गेलो. उघडून म्हणाले, “कार्बोरेटर कधी बदललास?” मी बदलला नव्हता. माझ्या दोन्ही कार्बोरेटरच्या स्क्रूवर बायकोच्या नेलपेंटचा लाल ठिपका होता, मीच लावलेला. आता तिथे ठिपका नाही, नाव नाही, हलका चकचकीत माल. दोन दिवस कशाला हवे होते ते तेव्हा समजलं. ढक्कन हे निमित्त होतं. नवे कार्बोरेटर, फिल्टर, सफाई मिळून ९,४००. एकूण ३१,०५० रुपये.

तक्रार करायला गेलो ती तर वेगळीच जत्रा. जवळच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, दुकान तिकडे, हद्द तिकडची. तिकडे गेलो तर दीड तास बाकावर. मग विचारलं, “मशीन परत मिळालं ना काका? मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर.” मी म्हटलं, आतले पार्ट चोरलेत. पुरावा? नेलपेंटचा ठिपका. आत कोणीतरी हसलं. “कशाची केस आहे?” “ढक्कनची.” मुंबईत ढक्कन कोणाला म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. पांढऱ्या केसांचा माणूस मी, मान खाली घालून बसलो. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवून पुढे पाठवायची असते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, हे मला नंतर कळलं. त्यांना आधीपासून कळत असणारच. सायबरचं विचारलं तर म्हणे पैसे समोरासमोर, स्वतः पिन टाकून दिलेत, ते सायबर नाही. पेमेंट ॲपचं उत्तर: व्यवहार यशस्वी. यशस्वी! तिसऱ्या फेरीला साधा अर्ज घेतला, त्यावरचा शिक्का धड उमटला नाही. पुन्हा मारा म्हटलं तर शाई संपली.

मग ग्राहक तक्रारीचं एका कार्यालयात विचारायला गेलो. काउंटरवरची व्यक्ती म्हणाली, मशीन धंद्याचं आहे, तुम्ही ग्राहक नाहीच. मी परत आलो. परत आलो याचाच राग येतो. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम २(७) काढून दाखवलं: स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वापरत असाल तर तो ‘व्यापारी हेतू’ धरत नाहीत. वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही नाही. म्हणजे रिक्षावाला, शिवणकाम करणारी, माझ्यासारखा फांद्यावाला, आपण ग्राहक आहोत. काउंटरवर कोणी नाही म्हणालं तर ते लिहून मागा. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार टाकून नंबर घ्या. पण कागद हवा, आणि माझ्याकडे पेन्सिलीचा आकडा आहे.

हेही वाचा, उद्या उपयोगी पडेल. मशीन दुरुस्तीला टाकण्याआधी कव्हर उघडून आतले फोटो काढा, दुकानदारासमोर काढा. टाकी भरून, मशीन आडवं करून, पुठ्ठ्यावर ठेवून तपासा, गार असताना. मशीन ठेवल्यावर, चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीखाली ऑइलचे चार थेंब पडतात, ती गळती नव्हे, चेनवरचं उरलेलं ऑइल असतं. पुसा आणि पुन्हा बघा. पुसूनही ढक्कनापाशी ओल आली तर आधी रिंग बदला. माझ्या तिसऱ्या मशीनची रिंग मिस्त्रींनी बदलली, ४० रुपयांत. आजपर्यंत कोरडं आहे.

परवा त्या बाजूला गेलो होतो. पडदा नाही, काउंटर नाही, तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली. विचारलं तर म्हणे, महिन्यापुरता गाळा होता. घरी येऊन जुन्या व्यवहारातून त्या वहिनींच्या खात्यावर एक रुपया पाठवून पाहिला, खातं बंद झालंय का बघायला. गेला. व्यवहार यशस्वी.

तेव्हा एकूण ३१,०५१.